दिवं इजवा की

माझे पाय एका जागी कधी राहिले नाहीत. चुलीपुढे बसले तरी गुडघा हलायचा, शाळेत बाकाखाली टाच आपटायची, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला डोळे मिटून उभी राहिले तरी अंगठे फरशीवर चाळा करत असायचे. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती भाकरी थापताना माझ्याकडे न बघताच सांगायची, "पाय थांबीव, भाकरी मोडतीया." माझ्या पायाचा आणि तिच्या भाकरीचा काय संबंध, हे मी कधी विचारले नाही. भाकरी मात्र खरोखरच मोडायची. आता सत्तरी ओलांडली, गुडघे बदलायचे की नाही यावर मुलगा आणि डॉक्टर यांची बोलणी चालू आहेत, तरी हे लिहिताना टेबलाखाली माझा पाय हलतोच आहे.

त्यात मी उंच. सातवीत असताना मी वडिलांच्या खांद्याच्या वर गेले आणि दहावीत त्यांच्या टोपीच्या वर. कुरुंदवाडच्या चपला करणाऱ्या माणसाने माझे पाऊल कागदावर आखून घेतले आणि बायकांच्या मापात हे बसणार नाही म्हणून पुरुषांच्या मापाच्या चपला करून दिल्या. त्या करकर वाजायच्या. बोळातून मी येतेय हे माझ्या आधी चपला सांगायच्या आणि कट्ट्यावरचे म्हातारे म्हणायचे, "आली बघा पाटलाच्या माळावरची निलगिरी." गावात चेष्टा म्हणजे मायाच असते, हे मला आज कळते. तेव्हा मला फक्त बुटके व्हावेसे वाटायचे.

आमचे घर नदीकाठच्या मळ्याला लागून होते. आम्ही जैन, शेती करणारे. कृष्णेच्या मळीतली, नदीकाठच्या गाळाच्या रानातली वांगी, ऊस, थोडी ज्वारी, आणि घरापुरता खपली गहू. सणाला अव्वा त्या खपलीची खीर करायची. पहाटे उखळात गहू सडल्याचा दणदण आवाज अंथरुणात ऐकू आला की आम्ही भावंडे न सांगता उठायचो. रात्रीचे जेवण आमच्यात नव्हतेच. दिवस मावळायच्या आत ताटे धुऊन पालथी पडायची. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर जेवणानंतर दिवासुद्धा नसायचा. कंदील लावला की पाखरे यायची, काचेवर आपटायची, आत शिरून जळायची. म्हणून अण्णा, माझे वडील, कुणाचे काम अडले नसेल तर कंदील फुंकायचे आणि म्हणायचे, "बसा आता गप्पा मारत. अंधारात काय तोंड बंद पडतंय व्हय?" मग आम्ही सगळे सोप्यात अंधारात बसायचो. अण्णा बैलांबद्दल बोलायचे, अव्वा तिच्या माहेरच्या कानडी म्हणी सांगायची, आणि माझा पाय हलत राहायचा. अंधारात तो कुणाला दिसायचा नाही, एवढेच त्यात बरे होते.

गावच्या जत्रेला नदीकडेच्या रानात तंबू टॉकीज यायची. आमची जेवणे आधीच झालेली असल्यामुळे तंबूत पहिली जागा धरायची ती जैनांच्या घरांनी. बाकी गाव भाकरी खाऊन येईपर्यंत आम्ही पडद्याखाली पोती अंथरून बसलेलो. एका वर्षी देवाचा सिनेमा येणार होता, त्याच्या रिळांच्या पेट्या कुठेतरी अडकल्या, आणि तंबूवाल्याने एक इंग्रजी काळा-पांढरा सिनेमा लावला. इंग्रजी कुणाला कळणार? म्हणून त्याने आपला एक माणूस माइक देऊन पडद्याशेजारी बसवला. पडद्यावर जे चालले असेल ते त्याने आपल्या भाषेत सांगायचे. त्याला इंग्रजी येत होते असे मला आता वाटत नाही.

सिनेमात एक राक्षस होता. इतका उंच की कुठल्याही दारातून आत जाताना त्याला वाकावे लागे, आणि दर खेपेला तो वाकायला विसरे. पहिल्यांदा चौकटीवर त्याचे कपाळ आपटले तेव्हा बायकांनी पोरांचे डोळे झाकले. माइकवाला मात्र शांतपणे म्हणाला, "आपटलं बघा डोस्कं. दार बुटकं हाय, मंडळी. त्येचा काय दोस न्हाय." तंबू हसला. मी हसले नाही. माझा पाय थांबला होता. ते मला शेजारी बसलेल्या अव्वाने सांगितले. तिने घाबरून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पोरीला काही झाले की काय म्हणून.

लोक विचारतात, मराठी शाळेत शिकलेल्या, पुढे आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे राक्षसांचे जुने सिनेमे कसे काय आवडतात? मी काहीतरी उत्तर देते. खरे उत्तर त्या माइकवाल्याचे वाक्य आहे.

मॅट्रिकनंतर आमच्या मुख्याध्यापकांनी अण्णांना घरी येऊन समजावले आणि मला कोल्हापूरला कॉलेजात घातले. आमच्या घरात त्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. रविवारी सकाळी बस्तीत दर्शन झाले की दुपारच्या जेवणापर्यंत मोकळीक असायची. बाकीच्या मुली रंकाळ्यावर जायच्या, महाद्वार रोडवर बांगड्या बघायच्या. मी लक्ष्मीपुरीतल्या थिएटरात मॉर्निंग शोला जायचे. जुन्या इंग्रजी सिनेमांच्या झिजलेल्या प्रती तिथे रविवारी सकाळी लावत. रेक्टरबाईंना मी पहिल्याच वेळी विचारले होते. इंग्रजी कानावर पडेल, जा, पण एकटीने मागे बसू नकोस, असे त्या म्हणाल्या होत्या. रांगेत मी एकटीच मुलगी असायचे. दारावरचे गृहस्थ मला कडेची खुर्ची देत, पाय बाहेर काढून बसता यावे म्हणून. प्रतीवर रेघांचा पाऊस पडत असायचा, मधेच रीळ तुटायचे, पोरे शिट्ट्या मारायची. पडद्यावर राक्षस आला की माझे पाय थांबायचे. आठवडाभरात मला तेवढीच विश्रांती.

मॉर्निंग शोचे कोल्हापुरात नाव चांगले नव्हते, हे मला माहीत होते. चार राक्षसांमागे एखादा चावट सिनेमाही तिथे लागायचा. त्यात थिएटरवरचे बोर्ड रंगवणारा पेंटर इंग्रजी नावे वाचत नसे. प्रत आली की कुणीतरी त्याला गोष्ट सांगायचे आणि तो आपल्या मनाने मराठी नाव ठेवून, आपल्या मनाने चित्र काढायचा. त्या रविवारी जो सिनेमा होता त्याला त्याने 'खाणीतला सैतान' असे नाव दिले होते. बोर्डावर हिरवागार सैतान, आणि त्याच्या हातांवर आडवी पडलेली एक बाई. तिच्या अंगावर कपडा असून नसल्यासारखा. गर्दी ओढायची तर बाई पाहिजे, हा पेंटरचा हिशोब. सिनेमा लोकांना आवडला आणि पुढच्या रविवारीही राहणार असे बोर्डावर लिहिले गेले.

त्या बोर्डाखाली रांगेत उभी असताना जयसिंगपूरच्या मामाने मला पाहिले. मामा कापडाचे व्यापारी, अव्वाचे थोरले भाऊ, आणि आमच्या सगळ्या नात्याची अब्रू आपल्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवल्यासारखे वागणारे. मला हाक न मारता ते तसेच गेले. पेठ वडगावचे एक स्थळ त्यांनीच माझ्यासाठी आणले होते. मुलाकडच्यांना माझी उंची चालणार होती, म्हणजे ते मोठ्या मनाचे होते, असे मामांचे म्हणणे. अण्णांनी पदवी होऊ दे म्हणून उत्तर लांबवले होते. मामा कोल्हापुरातून थेट आमच्या मळ्यावर गेले आणि काय बोलले ते मला पुढे अव्वाने सांगितले. "दाजी, पोरगी शिकाय ठिवलीया का उघड्या बायकांचं शिनेमं बघाय?"

मंगळवारी गावचा भाजीचा टेम्पोवाला वसतिगृहाच्या फाटकावर निरोप देऊन गेला. अण्णा रविवारी सकाळच्या गाडीने येणार आहेत, ट्रंक भरून ठेव.

तो आठवडा मला अजून अंगात आठवतो. मी ट्रंक भरली, पुन्हा रिकामी केली, पुस्तके तळाला घातली, मग पुस्तकेच आधी लागतील म्हणून वर काढली. वर्गात नकाशा काढताना हात एका नदीवर थांबायचा आणि दुसरीवर पोचायचा नाही. खोलीतली मैत्रीण म्हणाली, तू रात्री झोपेतही चालतेस, पलंग वाजतो. मी स्वतःशी अण्णांशी बोलायचे. अण्णा, त्यात तसले काही नाही. अण्णा, रेक्टरबाईंना विचारा. प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटायचे, कारण मग ते विचारणार होते, त्यात हाय तर काय?

रविवारी अण्णा आले. पांढरा सदरा, धोतर, टोपी, एका हातात अव्वाने दिलेली भाकरीची पिशवी, आणि खांद्यावर काथ्याच्या दोराचे वेटोळे. एसटीच्या टपावर ट्रंक बांधायला घरून आणलेला दोर. तो पाहिला आणि मला कळले की निकाल लागलेला आहे.

व्हरांड्यातल्या बाकावर ते बसले. रेक्टरबाई येऊन दोन चांगले शब्द बोलून गेल्या. अण्णांनी मान डोलावली, पण दोर खांद्यावरून उतरवला नाही. बाई आत गेल्यावर त्यांनी विचारले, "काय आस्तंय त्यात?"

मी म्हणाले, एक राक्षस असतो. लोक त्याला घाबरतात.

"आन मग?"

"मग त्याला मारतात."

"सगळ्या पिक्चरात?"

"बहुतेक सगळ्यात."

अण्णांनी माझ्या हलणाऱ्या पायाकडे पाहिले. आमच्या घरात विंचूसुद्धा चिमट्यात धरून बांधावर सोडत. "जिवाला मारत्यात ते बघाय तू जातीस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरेच कळत नव्हते, आणि ते मला रागापेक्षा जड गेले. मग ते उठले. "चल. बघू दे मला बी. गाडी दुपारची हाय."

अण्णा जन्मात थिएटरात गेले नव्हते. बोर्डापुढे ते क्षणभर थांबले, बाईच्या चित्राकडे पाहिले, आणि मान खाली घालून आत शिरले. माझे कान तापले. रांगेतली कॉलेजची पोरे माझ्याकडे आणि दोराकडे बघत होती. दारावरच्या गृहस्थांनी नेहमीची कडेची खुर्ची मला दिली, शेजारची अण्णांना. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टोपीवर दोर.

मी तो सिनेमा आदल्या रविवारी पाहिलेला. त्यामुळे मला माहीत होते की खाणीतला इंजिनियर आणि त्याची होणारी बायको मध्ये एकदा एकमेकांना मिठी मारतात. एवढेच. तिच्या अंगावर गळ्यापर्यंत बंद कोट. पण ती जागा जवळ येऊ लागली तशी मी खुर्चीत बसू शकेना. पाय असा हलू लागला की पुढच्याने वळून पाहिले. मी खोकले, पदर सारखा केला, पिशवी उगाच खाली पाडून उचलली. मिठी आली. अण्णा पडद्याकडे बघत होते. जरा वेळाने माझ्याकडे झुकून म्हणाले, "चक्कर आली जनू तिला. खाणीत वारं नसतंय." मी हो म्हणाले.

गोष्ट साधी होती. डोंगरातल्या मिठाच्या खाणीत सुरुंग लावतात, आणि आत कितीतरी काळ निजलेला एक जीव जागा होतो. पांढराफटक, ताडासारखा उंच, मोठाले हात. जन्मभर अंधारात राहिलेला. त्याला उजेड सोसत नाही. कंदील दिसला की तो कळवळतो आणि हाताने फोडून टाकतो. माणसांना वाटते, तो आपल्यावर चालून येतोय. तो बिचारा फक्त दिवे फोडत, परत जायची वाट शोधत गावातून फिरतो. वाट त्याला सापडत नाही, कारण जिथे जाईल तिथे लोक आणखी दिवे घेऊन येतात. अण्णा पुढे सरकून बसले. त्यांचा हात दोरावर घट्ट झाला होता. इंग्रजी एक अक्षर त्यांना कळत नव्हते आणि मी काहीच सांगितले नव्हते.

शेवटी सगळे गाव त्याला मैदानात घेरते. हजार कंदील, मशाली, कुणीतरी मोठा आरसा आणलेला. तो मध्ये उभा, दोन्ही हात डोळ्यांवर, आणि हळूहळू गुडघ्यांवर येतो. थिएटर चिडीचूप झाले होते. आणि त्या शांततेत माझे वडील, मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाच्या गड्याला हाक मारावी तशा आवाजात म्हणाले,

"आरं, दिवं इजवा की."

मागून एक पोरगा म्हणाला, "काका, गप बसा. खाईल त्यो सगळ्यास्नी."

अण्णा मागे वळले. "खाल्लंय का त्येनं अजून कुणाला? तूच सांग."

दोघेतिघे हसले. मग लांबून, अंधारातूनच, कुणीतरी जरा खजील आवाजात म्हणाले, "व्हय की. खाल्लं न्हाय."

पडद्यावर तो जीव आडवा झाला. लोकांनी दिवे उंच धरले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि मला आढळले की माझे पाय फरशीवर दगडासारखे स्थिर आहेत. अण्णांनी टोपी डोक्यावर घातली नाही, हातातच धरली.

बाहेर आलो तर सकाळ संपून रणरणते ऊन झाले होते. आम्ही दोघेही दारात हात डोळ्यांवर धरून उभे राहिलो. अण्णांनी माझ्याकडे आणि मी अण्णांकडे पाहिले. मग त्यांनी वळून बोर्ड नीट, वरपासून खालपर्यंत पाहिला. बोट त्या बाईवर ठेवले. "ही कुठं हुती आत?"

"नव्हती," मी म्हणाले. "पेंटरने काढली."

"हिरवा बी न्हवता त्यो." अण्णांनी मान हलवली. मामा नेमके काय पाहून मळ्यावर आले होते, ते त्यांना समजले असावे. ते पुटपुटले, "तुजा मामा ह्यो बोर्ड बघून गेला, आन पिक्चर बघितला म्हणून सांगितलं."

दसरा चौकातल्या झाडाखाली आम्ही भाकरी खाल्ली. शेंगदाण्याची चटणी, दह्यात कालवलेली वांगी, आणि डब्याच्या तळाला खपलीची खीर. सण नसताना अव्वाने खीर का दिली, हे मला घास घेताना समजले. मुलीला सासरी पाठवताना गोड देतात. माझे ठरत असलेले लग्न तिने मनाने मान्य केले होते. मी डब्याचे झाकण लावले. एसटीची वेळ जवळ येत होती आणि अण्णा सावकाश, प्रत्येक घास मोजल्यासारखा खात होते. माझा पाय पुन्हा सुरू झाला. विचारावे तर उत्तर मिळेल, म्हणून विचारत नव्हते.

"दुसऱ्यांदा बघितलास न्हवं तू ह्यो?" ते म्हणाले.

"हो."

"मरतुया ठावं हुतं. तरी रडलीस."

त्यांनी हात धुतले, तोंड पुसले. "म्हंजे मारत्यात ते बघाय जात न्हाईस तू," ते म्हणाले, जणू हिशोब एकदाचा जुळला होता. "त्येच्यासाठी जातीस."

आम्ही वसतिगृहात परतलो. ट्रंक व्हरांड्यात भरून ठेवलेली होती. अण्णा तिच्यापाशी गेले आणि खांद्यावरचे वेटोळे उतरवले. त्यांनी दोर माझ्या हातात दिला. "वर गच्चीवर बांध. कापडं वाळवाय हुईल. पोरीं-पोरींत दोरीवरनं भांडनं आस्त्यात म्हणत हुतीस." मग ट्रंकेची एक कडी स्वतः धरली, दुसरी मला धरायला सांगितली, आणि ती आम्ही जिन्याने वर, माझ्या खोलीत नेली. जिन्याच्या वळणावरची चौकट बुटकी आहे. अण्णा म्हणाले, "वाकून ये गं." मी वाकले.

मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिली. वडगावच्या स्थळाला अण्णांनी काय सांगितले ते मला कधी कळले नाही. मामा दोन वर्षे आमच्याकडे जेवले नाहीत आणि मग जेवू लागले. त्या पुढच्या साऱ्या आयुष्यासाठी मी कुणाकुणाची ऋणी आहे, याची यादी मोठी आहे. त्यात तो माइकवाला आहे, रेक्टरबाई आहेत, आणि उजेड न सोसणारा तो जीवही आहे.

सिनेमा मी नंतर पुष्कळ शोधला. आता नातू संगणकावर जगातले सगळे जुने राक्षस काढून देतो, रविवारी आम्ही दोघे बसतो, मी पाय ताणून. पण तो सापडत नाही. खरे नाव मला माहीतच नाही, पेंटरने ठेवलेलेच तेवढे माहीत आहे, आणि त्या नावाचा सिनेमा जगात कुठे नाही.

कॉलेजातल्या त्या वर्षीच्या दिवाळीला मी गावी गेले तेव्हा अव्वाने मला एक गोष्ट सांगितली. कोल्हापूरहून परतल्यावर अण्णांनी तो सिनेमा सोप्यात जमलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना सांगितला होता. खाण, सुरुंग, इंजिनियर, वारं न लागून चक्कर आलेली बाई, सगळे बरोबर. मैदानापर्यंत आले. लोकांनी त्याला घेरले, दिवे वर धरले, तो गुडघ्यांवर बसला. मग अण्णा थांबले. शेजारी म्हणाले, पुढं? अण्णांनी हात लांब करून समोरचा कंदील फुंकला.

"मग त्यास्नी कळलं," अंधारात ते म्हणाले, "आन त्यो उठून घरला गेला."